निसर्गातला हिरा कोळशाचा नसतो, साहेब

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारी आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावर एक चौकट आली होती, "तुम्हाला माहीत आहे का?" अशी. त्यात दोन वाक्यं होती. एक म्हणजे कोळशावर लाखो वर्षं दाब पडला की त्याचा हिरा होतो. दुसरं म्हणजे पाणी कितीही दाबलं तरी दबत नाही. माझी नात नववीला आहे, ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचत होती आणि मी चहा पीत होतो. वाचून झाल्यावर तिने मला विचारलं, आबा तुम्ही तर सगळी जिंदगी दाबायचंच काम केलं ना, मग तुमच्या रुईच्या गाठीचं का नाही काही झालं? मी हसलो, पण उत्तर काही देता आलं नाही. रात्रभर डोक्यात तेच. मग आठ दिवस मोबाईलवर वाचलं, व्हिडिओ पाहिले, गावातल्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना दोनदा जाऊन त्रास दिला आणि आता हे पत्र लिहायला बसलो. लांबलंय, तुम्ही कापाल हे माहीत आहे, पण चौकटीतल्या त्या दोन ओळींपुरतं तरी छापा.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे तुम्ही म्हणणार नाही की हा कोण शहाणा. मी आयटीआय फिटर. बत्तीस सीझन जिनिंग-प्रेसिंगमध्ये काढले. दसऱ्याला कापूस सुरू झाला की मार्चपर्यंत घरी फक्त झोपायला. सरकी वेगळी, रुई वेगळी, आणि ती रुई पेटीत भरून खालून हायड्रॉलिकचा रॅम, म्हणजे तेलाच्या दाबाने सरकणारा जाड दांडा, वर चढवायचा, पट्ट्या मारायच्या आणि 170 किलोची गाठ बाहेर काढायची. माझं काम रुईचं नव्हतं, माझं काम त्या रॅमचं, पंपाचं, ऑईल सीलचं आणि गेजचं. गेजवर काटा दोनशेला आला की माझी मान आपोआप वळायची, अजूनही कुकरची शिट्टी झाली तरी मी वळून बघतो.

आमच्याकडे दाब किलोमध्ये बोलतात. एक किलो म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलो वजन, आणि योगायोग असा की आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा दाबही जवळपास तेवढाच, एक किलो. म्हणून पुढे मी सगळीकडे किलोच लिहितो, समजायला सोपं. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक किलो जास्त असतो, तेवढ्यानेच पाणी शंभरच्या ऐवजी 120 डिग्रीला उकळतं आणि तूर शिजते. मोटरसायकलच्या चाकात दोन किलो. आमच्या प्रेसमध्ये दोनशे किलो. पण इथे गंमत आहे. ते दोनशे किलो तेलात. रॅम चौदा इंची, म्हणजे साधारण हजार चौरस सेंटीमीटर, म्हणजे एकूण जोर दोनशे टन. तो जोर जातो पेटीतल्या रुईवर, आणि पेटीचं तोंड असतं पाच हजार चौरस सेंटीमीटर. भागून बघा. रुईवर पडतात फक्त चाळीस किलो! बत्तीस वर्षं मला वाटत होतं आपण केवढं दाबतोय. चाळीस किलो म्हणजे समुद्रात चारशे मीटर खाली गेलात तर तेवढा दाब पाण्याचाच असतो.

आणि तेवढ्या दाबाने रुईचं काय होतं? काहीच नाही. फक्त मधली हवा जाते. एकदा रात्रपाळीला एका गाठीची पट्टी तुटली, पाठोपाठ दुसरी, आणि गाठ हमालाच्या अंगावर अशी फुगली की तो बिचारा भिंतीला जाऊन टेकला. सकाळी पाहिलं तर तीच रुई, पांढरी, मऊ, हातात घेतली तर कालची. कापूस आपला मूळ आकार विसरत नाही, संधी मिळाली की परत फुलतो. (तेलाची गोष्ट मात्र वेगळी. आमच्या एका जोडीदाराने पाईपला कुठून गळतंय ते बघायला बोट फिरवलं, भोक सुईच्या टोकाएवढं, आणि तेल बोटात शिरलं. बाहेरून नुसता लाल ठिपका दिसत होता. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, शेवटी बोटाचं अर्धं पेर गेलं. हायड्रॉलिकवर काम करणाऱ्या पोरांनो, गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा फिरवा.)

तर नातीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की आम्ही दाबलंच नव्हतं. नुसतं जवळ आणलं होतं. खरं दाबणं म्हणजे अणू एकमेकांच्या घरात घुसायला लागतात, आणि ते हजारो किलोच्या पुढे सुरू होतं.

हे काम ज्याने पहिल्यांदा नीट केलं तो अमेरिकेत हार्वर्डला होता, पर्सी ब्रिजमन. त्याच्याविषयी वाचताना मला असं वाटलं की हा तर आपल्या बिरादरीतला माणूस, कारण याचं नोबेल म्हणजे खरं तर पॅकिंगचं, सांध्यातून गळू नये म्हणून बसवतात त्या चकतीचं, नोबेल आहे. त्याच्या आधीचे लोक तीन हजार किलोच्या आसपास अडकायचे. का? गळती. आम्हाला विचारा गळती म्हणजे काय. तुम्ही बोल्ट कितीही आवळा, आतला दाब पॅकिंगच्या दाबापेक्षा वर गेला की धार सुटणार. ब्रिजमनने पॅकिंग अशी बसवली की मागचा थोडा भाग मोकळा, आधार नसलेला, त्यामुळे आतल्या दाबाचा सगळा जोर कमी जागेवर येतो आणि पॅकिंगमधला दाब आतल्या दाबापेक्षा नेहमी जास्तच राहतो. आत जितकं वाढवाल तितकं सील स्वतःच घट्ट होत जातं. आता गळायचा प्रश्नच नाही, आता फक्त पोलाद फुटेल तेवढाच प्रश्न. आणि पोलाद फुटायचंच त्याचं, पण तो स्वतः मशीनवर उभा राहून काम करणारा प्रोफेसर होता, परत बनवायचा. असं करत करत तो एक लाख किलोपर्यंत गेला. 1946 साली त्याला फिजिक्सचं नोबेल मिळालं. मी सरांना म्हटलं सर, ऑईल सीलला नोबेल मिळू शकतं हे मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर मी एवढी चिडचिड केली नसती.

आता तुमच्या चौकटीतली दुसरी ओळ, पाणी दबत नाही ही. आम्हीही ट्रेनिंगला हेच शिकलो, तेल-पाणी दबत नाही म्हणून तर हायड्रॉलिक चालतं. रोजच्या कामापुरतं ठीक आहे. पण समुद्राच्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेत, दाब साधारण अकराशे किलो आहे आणि तिथलं पाणी वरच्यापेक्षा जवळपास पाच टक्के दाबलेलं आहे. दहा हजार किलोला नेलं तर पाण्याचा जवळपास पाचवा हिस्सा आकार कमी होतो. आणि मग जे होतं ते मी नातीला सांगितलं तर तिने आधी मान्यच केलं नाही. त्या दाबाला पाणी खोलीच्या तापमानालाच गोठतं. फ्रीज नाही, काही नाही. आपल्या भुसावळच्या मे महिन्यात, जेव्हा माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, तेव्हाही दाब आणखी थोडा वाढवला की बर्फ होईल. तीस हजार किलोच्या वर तर असा बर्फ होतो की तो शंभर डिग्रीलाही वितळत नाही, हात लावला तर भाजेल असा बर्फ. आणि हा बर्फ पाण्यावर तरंगत नाही, बुडतो, कारण तो पाण्यापेक्षा जड.

शास्त्रज्ञांनी या बर्फांना नंबर दिलेत. आपल्या सरबतातला बर्फ एक नंबर. दोन आणि तीन नंबर टामान नावाच्या जर्मन माणसाने 1900 साली शोधले, पाच, सहा आणि सात ब्रिजमनने. आता नंबर अठराच्याही पुढे गेलाय. अठरा नंबरचा तर काळा आणि हजारो डिग्रीला गरम, त्यात ऑक्सिजन जागेवर उभा आणि हायड्रोजन त्याच्यामधून वाहत असतो, 2019 मध्ये अमेरिकेत लेसरने दणका देऊन तो क्षणभर पाहिला. पाण्याचे दोन हायड्रोजन एक ऑक्सिजन तेच, फक्त बसायची पद्धत बदलली. एसटीत गर्दी झाली की लोक आधी ऐसपैस बसलेले तिरके होतात, मग तिघांच्या सीटवर चौघं, मग एकाच्या मांडीवर पोरगं, मग दांडीला धरून उभे, माणसं तीच पण बसणीचे नमुने वेगवेगळे. सात नंबरचा बर्फ 2018 मध्ये खऱ्या हिऱ्यांच्या पोटात सापडला. जमिनीच्या शेकडो किलोमीटर खालून हिरा वर येताना पाण्याचा थेंब पोटात अडकला आणि हिरा इतका कडक की त्याने आतला दाब सोडलाच नाही, वर आल्यावर थेंब तसाच गोठून बसलेला. याला म्हणतात गॅस्केट, गळू न देणारी पॅकिंग.

अंड्याची गोष्टही ब्रिजमनचीच. 1914 साली त्याने अंड्याचा पांढरा भाग पाच-सात हजार किलोला दाबला, काढून पाहतो तर उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट. विस्तव नाही, गरम केलंच नाही. प्रोटीनच्या गुंडाळ्या उष्णतेने उलगडतात तशाच दाबाने उलगडतात, आणि दाब काढला तरी परत गुंडाळत नाहीत. आज परदेशात फळांचा रस असाच सहा हजार किलोच्या आसपास दाबून टिकवतात, जंतू मरतात आणि चव उकळल्यासारखी होत नाही. आपल्याकडे एवढी केळी पिकते, कुणी शिकलेल्या पोराने यात डोकं घातलं तर बघा.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली आणि सगळ्यात जास्त तीच सांगायची आहे. दाब किती दिला हा अर्धाच प्रश्न. दाब सोडल्यावर काय उरतं हा खरा प्रश्न. रुई परत फुलते. बर्फाचे ते नंबर, दाब सोडला की परत पाणी. अंडं परत येत नाही. आणि हिरा परत येत नाही. हिरा महाग का याचं उत्तर लोक त्याच्या चमकेत शोधतात, मला विचाराल तर तो परत येत नाही म्हणून.

आता कोळसा. साहेब, कोळसा हा झाडांचा होतो. जमिनीवर झाडंझुडपं यायला सुरुवात झाली साधारण 47 कोटी वर्षांपूर्वी. आणि निसर्गातले बहुतेक हिरे शंभर कोटी ते साडेतीनशे कोटी वर्षांचे आहेत. पोरगं बापाच्या आधी कसं जन्मेल? शिवाय कोळसा सापडतो वरच्या थरात, आणि हिरा घडतो दीडशे-दोनशे किलोमीटर खाली, जिथे पन्नास हजार किलोच्या आसपास दाब आणि हजार डिग्रीच्या आगेमागे तापमान. तिथला कार्बन झाडांचा नाही, पृथ्वीच्या पोटातल्या खडकांमधल्या द्रवांमधला. मग ज्वालामुखीच्या एका खास प्रकारच्या नळीतून तो भसकन वर येतो, किंबर्लाईट म्हणतात त्या खडकाला. भसकन यावंच लागतं, वाटेत रेंगाळला तर गरम असताना दाब कमी झाला की हिऱ्याचा परत ग्रॅफाईट होतो, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. इथे वर, थंडीत, त्याच्यात परत फिरायची ताकदच राहत नाही. निसर्गाच्या कायद्याने बघितलं तर आपल्या अंगठीतला हिरा ग्रॅफाईट व्हायला पाहिजे, पण अणूंना उठून दुसरीकडे जाऊन बसायला लागणारा जोर मिळत नाही म्हणून तो तसाच बसलेला आहे, कोर्टात तारीख पडत राहिलेल्या केससारखा.

माणसाने हिरा बनवला तो 16 डिसेंबर 1954 ला, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये, ट्रेसी हॉल नावाच्या केमिस्टने. स्वीडनमध्ये त्याच्या आधी जवळपास दोन वर्षं, 1953 ला झाला होता, पण त्यांनी गुपचूप ठेवलं, सांगितलंच नाही, त्यामुळे नाव हॉलचं. त्याने नुसतं दाबलं नाही, कार्बनबरोबर लोखंडाचा सल्फाईड वितळवला. लोखंड वितळलं की त्यात कार्बन विरघळतो आणि मग हिरा होऊन खाली बसतो, साखरेच्या पाकातून खडीसाखर धरते तसा. दाब एक लाख किलोच्या आसपास, तापमान सोळाशे डिग्री. कंपनीने त्याला बक्षीस म्हणून दहा डॉलरचा सेव्हिंग बॉण्ड दिला. दहा डॉलर! वाचून बरं वाटलं, म्हटलं फक्त आमच्याच मालकांकडे असं नव्हतं.

माझा भाचा सुरतला असतो, उधन्याकडे. आपल्या खानदेशची अर्धी गावं तिकडेच आहेत, सुरत पॅसेंजरमध्ये बसलं की नंदुरबारनंतर सगळे एकमेकांचे पाहुणे निघतात. तो आधी हिरे घासायचा, आता लॅबच्या हिऱ्याच्या कारखान्यात मशीनवर आहे. त्याला फोन केला, म्हटलं काय रे, तुझ्या मशीनचं गेज किती दाखवतं? तो हसायला लागला. म्हणाला मामा, आमच्याकडे दाब नाहीच, उलट हवा काढून टाकतात, आत गॅस सोडतात, मिथेन आणि हायड्रोजन, तो पेटल्यासारखा जांभळा दिसतो आणि हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढतो. आपल्या देशात लॅबचे हिरे जास्त करून असेच होतात म्हणे, दाबाचं मशीन चीनमध्ये जास्त. मी तर उडालोच. म्हणजे दाब सोडाच, हवेच्या दाबापेक्षाही कमी दाबात हिरा होतो, फक्त अणूंना योग्य जागेवर एकेक करून बसवायला पाहिजे. ही चौकट पण छापा कधीतरी, कारण आजकाल क्लासवाले पोरांना सांगत फिरतात की दाबाशिवाय हिरा होत नाही. होतो. सुरतला रोज होतो.

आता ज्या यंत्राने माझी झोप उडवली ते सांगतो. त्याला म्हणतात डायमंड अँव्हिल सेल, म्हणजे हिऱ्याची ऐरण. दोन हिरे घ्यायचे, पाव-अर्ध्या कॅरेटचे, खालची टोकं थोडी घासून सपाट करायची आणि टोकाला टोक लावून दाबायचं. मध्ये धातूच्या पत्र्याचं गॅस्केट, त्याला केसाएवढं भोक, त्या भोकात तुमचा माल. बस. सगळं मुठीत मावतं आणि ॲलन की ने चार स्क्रू आवळले की झालं. मी वहीत गणित मांडलं. सपाट टोक एक दशांश मिलिमीटर रुंद धरलं तर त्यावर फक्त ऐंशी किलो वजन ठेवलं, म्हणजे मी स्वतः बसलो, तरी दाब होतो दहा लाख किलो. दहा लाख! आम्ही दोनशे टन लावून चाळीस किलोला पोचत होतो कारण आमची जागा मोठी, आणि हे लोक एका माणसाच्या वजनात दहा लाखाला. जोराची गरज नाही, टोकाची गरज आहे, बाभळीचा काटा हेच करतो.

हे यंत्र 1958 साली वॉशिंग्टनला तिथल्या सरकारी ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बनलं, आणि त्यांना हिरे मिळाले ते कस्टमवाल्यांनी स्मगलरांकडून पकडलेले. फुकटचे होते म्हणून फोडायला जीव कचरला नाही. हिऱ्याचा दुसरा फायदा, तो पारदर्शक, म्हणजे दाबत असताना आत डोकावता येतं. आणि गेज? एवढ्याशा भोकात गेज कुठून लावणार? तर त्यात माणकाचा बारीक कण टाकतात. त्यावर लेसर मारला की माणिक लाल उजेड देतं, आणि दाब वाढला की त्या लाल रंगाची छटा ठरलेल्या हिशोबाने सरकत जाते. 1972 पासून हेच चालतं. काटा नाही, नळी नाही, ऑईल नाही, गळती नाही. मी एवढे गेज बदलले आयुष्यात, पण रंग वाचून दाब सांगणारं गेज, काय डोकं लावलंय.

या ऐरणीत काय काय होतं त्याची यादी लांब आहे, मी मला आवडलेलं सांगतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन एक लाख किलोला घट्ट असतो आणि त्याचा रंग गडद लाल. सोडियम, जो धातू चाकूने कापता येतो आणि चांदीसारखा चमकतो, तो वीस लाख किलोला काचेसारखा आरपार होतो, 2009 मध्ये दाखवलं. यावर मी सरांशी भांडलो, म्हटलं दाबलं तर धातू जास्त धातू व्हायला पाहिजे ना. सर म्हणाले धातूची चमक मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे. सोडियमचे अणू इतके जवळ आणले की त्यांच्या आतल्या कड्या एकमेकांना ढकलायला लागतात, मग बाहेरच्या इलेक्ट्रॉनला फिरायला रस्ता राहत नाही, तो अणूंच्या मधल्या फटींमध्ये अडकतो. बाजाराच्या दिवशी मोकळं फिरणारं पोरगं दोन हातगाड्यांच्या मध्ये अडकतं तसं. फिरणं बंद, चमक बंद, उजेड आरपार.

आणि हायड्रोजनचं बरोबर उलटं, तो गॅस आहे पण पुरेसा दाबला की धातू व्हायला पाहिजे असं 1935 मध्ये विग्नर आणि हंटिंग्टन या दोघांनी गणिताने सांगितलं. त्यांचा आकडा होता अडीच लाख किलो. अडीच लाख गेले, दहा लाख गेले, तीस लाख गेले, हायड्रोजन काही ऐकेना. 2017 मध्ये हार्वर्डवाल्यांनी पन्नास लाखाच्या जवळ जाऊन सांगितलं की झाला, चकाकला. आणि पुढच्याच महिन्यात हिरा फुटला आणि तो कण कुठे गेला कुणालाच माहीत नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "मामा, हिरा फुटी गया ना, मंग संपनं." घासणारा माणूस, त्याला त्याचं दुःख कळलं. नंतर 2020 मध्ये फ्रान्समधल्या टीमने बेचाळीस लाखाच्या आसपास चांगली चिन्हं दाखवली. गुरू ग्रहाच्या पोटात मात्र हा धातू झालेला हायड्रोजन भरपूर आहे असं मानतात, त्याचं एवढं जबरदस्त चुंबकत्व त्यातूनच येतं म्हणे.

इथे मला पेपरवाल्यांवरच थोडं रागवायचं आहे, माफ करा. 2015 मध्ये जर्मनीत माइन्झला एरेमेट्स यांच्या टीमने हायड्रोजन सल्फाईड, म्हणजे तोच सडक्या अंड्याचा वास येणारा गॅस, पंधरा लाख किलोला दाबून दाखवलं की वजा 70 डिग्रीला त्यातून वीज अजिबात अडथळा न होता वाहते. हे टिकलं, इतरांनी तपासलं. पण बातमी कोपऱ्यात. त्यानंतर अमेरिकेतल्या एका टीमने दावा केला की खोलीच्या तापमानाला तेच केलं, ती बातमी पहिल्या पानावर, लोडशेडिंग संपणार, बुलेट ट्रेन उडणार. त्यांचा तो शोधनिबंध नेचर मासिकाने 2022 मध्ये मागे घेतला, त्याच लोकांचा दुसरा शोधनिबंध 2023 मध्ये मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मला शोधूनही सापडली नाही. गाठ बांधली हे सांगायचं आणि पट्टी तुटली हे नाही सांगायचं, असं आमच्या प्रेसमध्ये चालत नव्हतं साहेब, गाठींचा हिशोब संध्याकाळी द्यावा लागायचा.

लोकांना वाटतं हे सगळं परदेशातलं. नाही. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या विषयावर कितीतरी वर्षं काम चाललंय. पोखरणमागचे डॉ. राजगोपाल चिदंबरम हे याच विषयातले होते, प्लुटोनियम दाबलं की ते किती आणि कसं दबतं याचं गणित आधी बसवावं लागतं, त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

आणि सगळ्यात जवळचं म्हणजे लोणार. नातीच्या शाळेची सहल गेल्या वर्षी तिकडे गेली होती, खाऱ्या पाण्याचं तळं, देवळं आणि माकडं एवढं बघून आली, माकडाने डबा पळवला हीच मोठी आठवण. मी तिला म्हटलं अगं, तू जिथे उभी होतीस तो दगड आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या विहिरीत लागतो तोच काळा दगड. पण उल्का आदळली तेव्हा क्षणभर त्यातून दोन-तीन लाख किलोचा दणका गेला आणि त्या दगडातल्या एका खनिजाचे स्फटिक न वितळता काच होऊन गेले. मास्केलिनाईट म्हणतात त्याला. दगडाचा आकार तसाच, कणाची कड तशीच, फक्त आतली रांग मोडली, आणि तीही परत आली नाही. मंगळावरून आलेल्या उल्कांमध्येही हीच काच सापडते. मला तर वाटतं सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी माकडांच्या आधी हे सांगावं.

आता नातीचं राहिलेलं उत्तर, ते मला सगळ्यात शेवटी सापडलं. त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये वेंटॉर्फ नावाचा एक माणूस होता. त्याने काय केलं, दुकानातून शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी आणली आणि ते दाबून त्याचे बारीक हिरे केले. म्हणजे कारखान्यात कोळसाच काय, ज्यात कार्बन आहे त्याचा हिरा होऊ शकतो, फक्त निसर्गात कोळशाचा होत नाही, हा फरक चौकटीत यायला पाहिजे. नात लगेच म्हणाली, मग आबा रुईचा पण होईल! म्हटलं होईल की. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यात वजनाने 44 टक्के कार्बन. तिने वही काढली. 170 किलोच्या गाठीत 75 किलो कार्बन, पाच कॅरेटचा एक ग्रॅम, म्हणजे एका गाठीचे पावणेचार लाख कॅरेट. मग पेन तोंडात धरून मला विचारते, आबा, मग सुरतवाले कापूस कोणत्या भावाने घेतील?

मी म्हटलं, आधी इथल्या व्यापाऱ्याकडून हमीभाव मिळू दे.

तर तेवढी चौकट दुरुस्त करून छापा ही विनंती. नातीने जुनं कात्रण वहीत चिकटवलं होतं, ते काढून ती जागा रिकामी ठेवली आहे.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त फिटर, ता. अमळनेर, जि. जळगाव